घोट्याजवळची त्वचा काळी पडलीय? घट्ट मोज्यांपासून सुरुवात कशी करायची

घोट्याच्या जरा वर, बहुतेकदा आतल्या बाजूने, त्वचा हळूहळू तपकिरी-काळपट होत जाते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, साध्या मोज्याच्या कडेचा खोल वळ उठतो. खाज सुटते, खाजवलं की खपल्या निघतात, कधी पाणी येतं. मग घरात मलमांच्या ट्यूबा जमायला लागतात: एक केमिस्टने दिलेली, एक शेजारच्या काकूंनी सांगितलेली, एक गजकर्णाची. डाग मात्र जिथल्या तिथे.

शेवटी कोणीतरी डॉक्टर सांगतात, "शिरांचा त्रास आहे, स्टॉकिंग्ज वापरा." ओपीडीत मागे साठ माणसं रांगेत असतात, त्यामुळे बोलणं तिथेच संपतं. चिठ्ठीवर एक आकडा लिहिलेला असतो, आणि दुकानात गेलं की काउंटरवरून प्रश्न येतो, "मीडियम देऊ की लार्ज?" हा लेख त्या प्रश्नापाशी अडकलेल्यांसाठी आहे. माझ्या आईने पोळी-भाजी केंद्रात सगळं आयुष्य उभ्याने काढलं. तिच्या पायांच्या निमित्ताने हे सगळं मी शिकत गेले. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते डॉक्टरांच्या सल्ल्याला जोड म्हणून वाचा.

आधी कारण, मग मोजे

पायात रक्त आणणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिण्या, आणि ते हृदयाकडे परत नेणाऱ्या म्हणजे नीला, ज्यांना आपण सरसकट शिरा म्हणतो. परतीचा प्रवास खालून वर, म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. इमारतीच्या पाण्याच्या पंपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तसंच त्यांचं काम: वर चढवलेलं खाली येऊ द्यायचं नाही. पंपाचं काम करते पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं.

स्तब्ध उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरांमध्ये पाऱ्याच्या मापाने ८० ते ९० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो, तोही सगळ्यांच्याच. निरोगी माणूस चालायला लागला की तो ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी झालेल्या माणसाचा मात्र चालतानाही पुरेसा उतरत नाही. दिवसभर चढलेला हा दाब केशवाहिन्यांमधून पाणी आणि तांबड्या पेशी आजूबाजूच्या त्वचेत ढकलतो. पाण्यामुळे सूज येते. पेशी तिथेच मोडतात आणि त्यांच्यातलं लोह त्वचेत साठतं. तोच तो तपकिरी रंग. शरीर या गळतीशी झगडत राहतं, त्यातून खाज, कोरडेपणा आणि इसब येतं. पुढे त्वचेखालची चरबी कडक होते, घोट्याजवळचा भाग आवळल्यासारखा बारीक दिसतो आणि वरची पोटरी जाड. काही ठिकाणी पांढरट, पातळ चट्टे पडतात. अशा त्वचेला बाकड्याची कड लागली तरी जखम होते, आणि ती महिनोन्महिने भरत नाही.

म्हणजे त्रास दिसतो त्वचेवर, पण तो घडवतो आतला दाब. बाहेरून मलम लावून तो दाब कमी होत नाही. गोरं करणाऱ्या क्रीमचा तर इथे काहीच संबंध नाही. दाबाला उत्तर दाबानेच द्यावं लागतं: बाहेरून, घोट्याला सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जाणारा.

केस पेपरवर 'सी-३', 'सी-४' असं काही लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. शिरांच्या आजाराच्या या पायऱ्या आहेत. सी-२ म्हणजे फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ त्वचेतले बदल, सी-५ भरून आलेली जखम आणि सी-६ उघडी जखम. हा लेख मुख्यतः सी-४ वाल्यांचा.

आपल्या त्वचेच्या रंगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकांतले आणि इंटरनेटवरचे फोटो गोऱ्या पायांचे असतात, त्यांत लाली चटकन दिसते. सावळ्या पायावर तीच लाली जांभळट, राखाडी किंवा नुसतीच जास्त काळी दिसते. डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, हात लावून पाहा. गरम लागतंय का, कडक झालंय का, दोन्ही पायांत फरक आहे का, हे बोटांना आधी कळतं.

मोजे विकत घेण्याआधी

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि नेमकी हीच गाळायची नसते. पायाला रक्त आणणाऱ्या रोहिण्याच अरुंद झाल्या असतील, तर घट्ट मोजा उरलासुरला रक्तपुरवठाही तोडू शकतो. मधुमेह असलेले, तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असलेले, साठी उलटलेले, थोडं चाललं की पोटरीत गोळा येऊन थांबावं लागणारे, यांनी तर तपासणीशिवाय मोजा पायात घालूच नये.

तपासणी साधी आहे. छोट्या डॉपलर यंत्राने घोट्याजवळचं प्रेशर मोजतात, दंडाचं मोजतात, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. कागदावर हे 'एबीपीआय' नावाने येतं. उत्तर साधारण ०.८ ते १.३ च्या दरम्यान असेल तर नेहमीचा दाब चालतो. ०.५ ते ०.८ मध्ये असेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कमी दाब. ०.५ च्या खाली असेल तर मोजे बाजूला ठेवायचे आणि आधी रोहिण्यांचा इलाज करायचा. १.३ च्या वरचा आकडा पाहून खूश होऊ नका. मधुमेहात रोहिण्या कडक होतात आणि आकडा फसवा येतो, तिथे पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात. हृदय खूप कमकुवत असलेल्यांनी आणि तळपायाची संवेदना गेलेल्यांनीही डॉक्टरांना हे सगळं आधी सांगायचं.

दुसरी तपासणी शिरांची: कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. कोणती झडप निकामी आहे, आत जुनी गुठळी आहे का, हे त्यात दिसतं. रक्त उलटं फिरतंय का हे पाहायचं असल्याने ही तपासणी उभं करून करतात. सेंटरवर नुसतं झोपवूनच उरकत असतील तर विचारा.

आणि प्रत्येक सूज शिरांचीच असते असंही नाही. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड यांच्याकडे बघावं लागतं. ब्लडप्रेशरची ॲम्लोडिपिन नावाची गोळी मुंबईत घरोघरी आहे, तिनेही घोटे सुजतात. ही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या, स्वतःहून बंद करू नका. पावलाची वरची बाजू आणि बोटंही फुगली असतील, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नसेल, तर हत्तीरोग किंवा लसिकेची (लिम्फची) सूज असू शकते. तिचा इलाज वेगळा.

जायचं कुठे? मुंबईत पालिकेची केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं किंवा राज्य सरकारचं जे. जे., जे जवळ पडेल ते. नुसती खाज आणि डाग असतील तर त्वचाविभाग, शिरा फुगल्या असतील किंवा जखम असेल तर सर्जरीची ओपीडी. दोन्हीकडून एकमेकांकडे पाठवतातच. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. गुडघ्यापर्यंत सहज वर होईल असा कपडा घाला. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घेऊन जा, मलमांच्या ट्यूबांसकट. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या: माझ्या पायाचा रक्तपुरवठा या मोज्यांसाठी पुरेसा आहे का, आणि नेमका किती दाबाचा मोजा, गुडघ्याखालचा की मांडीपर्यंतचा?

मोजा की पट्टी?

त्वचा कोरडी आणि सूज आटोक्यात असेल तर मोजा. त्वचेतून पाणी झिरपत असेल, जखम उघडी असेल किंवा सूज खूप असेल तर आधी बँडेज. सूज उतरवल्याशिवाय मोज्याचं माप घेण्यात अर्थ नसतो, आठवड्याभरात तो सैल होतो.

बँडेज म्हटलं की आपल्याकडे क्रेप बँडेज आणून कोणीतरी गुंडाळतं. त्यात दोन अडचणी. एक, ते दुपारपर्यंत सैल होऊन घोट्यापाशी गोळा होतं. दुसरी अडचण जास्त वाईट. त्याच ताणाने गुंडाळलेली पट्टी बारीक घोट्यावर जास्त दाब देते आणि जाड पोटरीवर कमी. हे एरवी सोयीचंच, पण नडगीच्या हाडावर किंवा घोट्याच्या उंचवट्यावर तोच दाब इतका वाढतो की कातडी मरते. म्हणून शिकलेली नर्स आधी कापसाचा थर देऊन हाडं झाकते, पाऊल काटकोनात ठेवायला लावते, बोटांच्या मुळापासून सुरू करते, टाच उघडी सोडत नाही, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा आणते आणि गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर थांबते. हे बघून शिकता येतं. लेख वाचून शिकू नये. चार थरांचं बँडेज किंवा झिंकची पेस्ट असलेला उन्ना बूट लावला तर तो काही दिवस तसाच ठेवतात. मधेच सोडून 'जरा हवा लागू दे' करायचं नाही.

तिसरा प्रकार वेल्क्रोच्या पट्ट्यांचा. वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी तो फार सोयीचा आहे, कारण सैल झाला की स्वतः पुन्हा आवळता येतो. दिसायला बोजड असतो आणि महाग पडतो, पण कपाटात पडून राहणाऱ्या मोज्यापेक्षा बरा.

एक घोटाळा फार होतो. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात जे पांढरे मोजे घालायला देतात, तेच पुढे घरी वापरले जातात. ते झोपून असलेल्या रुग्णाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून असतात. दिवसभर हिंडणाऱ्या माणसाच्या त्वचेतले बदल थोपवायला त्यांचा दाब पुरत नाही.

आकडा वाचायला शिका

पाकिटावर 'क्लास १', 'क्लास २' छापलेलं असतं. त्यावर विसंबू नका, कारण देशागणिक क्लासचा अर्थ बदलतो. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४. दुकानात दोन्ही पद्धतींचे मोजे शेजारी शेजारी टांगलेले असू शकतात. म्हणून फक्त एमएमएचजीचा (mmHg, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेल्या दाबाचा) आकडा बघायचा. त्वचेत बदल झालेल्यांना बहुतेकदा २०-३० किंवा ३०-४० लिहून देतात. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. माझं मत विचाराल तर, ३०-४० चा मोजा चढवता येत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि खालचा आकडा मागा. रोज घातलेला २०-३० चा मोजा पायाला मदत करतो. आठवड्यातून एकदा घातलेल्या ३०-४० चा काही उपयोग नाही. कमी दाबाचे दोन पातळ मोजे एकावर एक घालायचा पर्यायही काहींना डॉक्टर देतात.

आकड्याशिवाय नुसतं 'व्हेरिकोज सॉक्स' लिहिलेलं काहीही, कितीही स्वस्त असलं तरी, घेऊ नका.

माप

सकाळी, उठल्या उठल्या, पाय खाली सोडून बसण्याआधी माप घ्यायचं. दुपारी दुकानात जाऊन सुजलेल्या पायाचं माप दिलं तर मोजा ढगळ होणार हे ठरलेलं. शिवणाची टेप घ्या आणि तीन मापं लिहा: घोट्याच्या हाडाच्या लगेच वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची वेगवेगळी मापं घ्या. मांडीपर्यंतचा मोजा सांगितला असेल तर मांडीचा घेरही. पण घोट्याजवळच्या त्वचेसाठी गुडघ्याखालचा मोजा बहुतेकांना पुरतो, आणि मुंबईच्या घामात मांडीवरची सिलिकॉनची पट्टी टिकत नाही, पुरळ मात्र उठवते.

मापाचा कागद घेऊन केईएम किंवा जे. जे. च्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत जा, किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला. तिथे चार कंपन्यांचे मोजे समोरासमोर ठेवून बघता येतात. प्रत्येक कंपनीचा मापांचा तक्ता वेगळा असतो, म्हणून 'मागच्या वेळी लार्ज घेतला होता' हे उत्तर चालत नाही. चपलेचा नंबर तर मुळीच नाही. ऑनलाइन घेणार असाल तरी पहिला जोड दुकानातूनच घ्या.

बोटं उघडी असलेला मोजा आपल्याकडे जास्त सोयीचा. बोटांच्या बेचक्यात हवा लागते, बोटं काळी-निळी पडतायत का हे दिसतं, आणि अंगठ्याची चप्पल घालता येते.

चढवण्याची पद्धत

सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी मोजा घाला. आंघोळ सकाळीच करायची सवय असेल तर आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पाय उशांवर उंच ठेवून पडा, मग घाला. त्वचा पूर्ण कोरडी हवी. तेल किंवा क्रीम लावून लगेच मोजा चढवायला गेलात तर तो अडकतो आणि लवकर खराबही होतो.

नखं कापलेली हवीत. पैंजण काढून ठेवा. जोडवी काढायची नसतील तर त्यांच्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर धागा ओढला गेलाच म्हणून समजा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. यावर हसू नका. मोजा चढवायची निम्मी ताकद त्या हातमोज्यांच्या पकडीत असते.

आता हात मोज्यात घालून आतून टाच धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा बाहेर काढा. पावलाचा एक खिसा तयार होतो. त्यात बोटं घाला, मोजा पावलावर सरकवा, टाच टाचेवर नेमकी बसवा. टाच वाकडी बसली तर सगळा मोजा वाकडा, तिथेच थांबून सरळ करा. मग उरलेला भाग तळहातांनी थोडा थोडा वर सरकवत न्या. वरची कड धरून खस्सकन ओढू नका. तसं केलं की वर जास्त दाब आणि खाली कमी, म्हणजे नेमकं उलटं. शेवटी तळहातांनी सुरकुत्या पसरवा. कड गुडघ्याच्या घडीच्या खाली दोन बोटं असावी. मोजा लांब वाटला म्हणून वरून दुमडायचा नाही. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो आणि पायाला फास बसतो.

बोटं उघडी असलेल्या मोज्यासाठी एक युक्ती आहे. पावलावर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा सरकवा आणि मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. २०१८ पासून राज्यात पिशव्यांवर बंदी आहे हे खरं, तरी एखादी घरात सापडतेच. वाकता येत नसेल तर दुकानात मोजा चढवायची लोखंडी घोडीही मिळते. घरातलं कोणी मदत करणार असेल तर त्याने समोर बुटक्या स्टुलावर बसावं, पाय आपल्या गुडघ्यावर घ्यावा. उभ्याने ओणवं होऊन हे जमत नाही आणि त्याचीच कंबर धरते.

घरात चप्पल काढायची आपली पद्धत. पण नुसत्या मोज्यावर लादीवर पाय सटकतो. घरात वापरायची वेगळी रबरी चप्पल ठेवा.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी आवळल्यासारखं वाटणारच. एकदम दिवसभर सहन होत नसेल तर तीन-चार तासांपासून सुरुवात करून रोज थोडं वाढवा. रात्री झोपताना काढायचा. आडवं झालं की शिरांमधला दाब आपोआप उतरतो. काढल्यावर आरशासमोर, किंवा घरातल्या कोणाकडून, टाच, नडगी आणि घोट्याचे उंचवटे रोज तपासून घ्या. वळ असणं साहजिक आहे, ते थोड्या वेळात जातात. न जाणारा डाग, फोड, सोललेली जागा दिसली तर मोजा थांबवा आणि दाखवून या.

बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या येऊन बधीर झाली, किंवा घातल्यावर पाय ठणकायला लागला तर मोजा लगेच उतरवायचा. 'सवय होईल' म्हणून दात-ओठ खाऊन बसायची ही जागा नाही.

त्वचेचं काय करायचं?

मोजा आतला दाब सांभाळतो, पण कातडी तोवर कोरडी, भेगाळलेली असतेच. रात्री मोजा काढल्यावर पाय कोमट पाण्याने धुवा. कपड्यांचा साबण किंवा डेटॉल नको, वास नसलेला सौम्य साबण. टिपून कोरडे करा आणि साधी पेट्रोलियम जेली किंवा पांढऱ्या पॅराफिनचं क्रीम वरून खाली, केसांच्या दिशेने लावा. पायावरची ही त्वचा ॲलर्जीला फार लवकर बळी पडते. त्यामुळे सुगंधी लोशन, लॅनोलिन असलेली क्रीम, निओमायसिनची मलमं आणि पावडरी टाळा. निओमायसिनच्या पावडरीचा डबा आपल्या घरात फर्स्ट एडच्या पेटीत हटकून असतो, म्हणून मुद्दाम सांगतेय. हळद, कडुलिंबाचा लेप, चुना, टूथपेस्ट हे सगळं या जागेपासून लांब ठेवा.

खाज आणि पाणी जास्त असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम ठरावीक दिवसांसाठी देतात. ते तेवढेच दिवस. केमिस्टकडे मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब महिनोन्महिने लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते, आणि मग मोज्याचीच जखम होते.

दोन्ही पाय एकाच वेळी तांबडे-जांभळे आणि गरम झाले की पुष्कळदा 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. खरा जंतुसंसर्ग, म्हणजे सेल्युलायटिस, सहसा एकाच पायात होतो, ताप आणि थंडी घेऊन येतो आणि झपाट्याने पसरतो. दोन्ही पायांत, खाजेसकट, आठवडे रेंगाळणारी लाली बहुधा शिरांच्या इसबाची असते. पण खरा सेल्युलायटिस वारंवार होणाऱ्यांनाही मोजे उपयोगी पडतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पायाची जुनी सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेले ८४ जण होते. दाबाचा उपचार घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना तो पुन्हा झाला, न घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना.

लोकल, उकाडा आणि पावसाळा

विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्याच्या पोटऱ्यांना दीड तास काहीच काम नसतं. तेवढ्या वेळात दर काही मिनिटांनी टाचा उचला, खाली टेकवा, पुन्हा उचला. गर्दीत हलायला जागा नसली तरी हे जमतं. दुकानातले सेल्समन, सिक्युरिटी गार्ड, नर्सबाई, शिक्षक, तव्यासमोर उभ्या असलेल्या बायका, सगळ्यांना हाच व्यायाम. बसून काम असेल तर पाऊल वर-खाली हलवत राहायचं. आणि रोज चालायचं, मोजे घालून. मोजा पोटरीला टेकू देतो, पण पंप चालवायचं काम पोटरीचंच. घरी आलं की पाय छातीपेक्षा उंच ठेवून अर्धा तास पडा. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं म्हणजे उंच ठेवणं नव्हे.

एप्रिल-मे मध्ये मोजे नकोसे होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शिरा जास्त फुगतात. विणीत हवा खेळणारा पातळ मोजा घ्या, दुपारी घरी असाल तर मोज्यावरूनच गार पाण्याचा फवारा मारा, पंख्याखाली बसा.

पावसाळ्यात ओला मोजा पायात ठेवायचा नाही. पिशवीत एक सुका जोड ठेवा, बोटांची बेचकी पुसून कोरडी करा, पांढरी भिजलेली कातडी दिसली तर बुरशीचं औषध विचारा. त्या बेचक्यातूनच सेल्युलायटिसचे जंतू आत शिरतात. हिंदमाता असो की अंधेरी सबवे, साचलेल्या पाण्यातून भेगाळलेल्या पायाने जाणं टाळाच. जावं लागलंच तर घरी येऊन पाय धुवा आणि लेप्टोच्या (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांसाठी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. पालिकाही दर पावसाळ्यात हेच सांगते.

ताबडतोब निघायचं केव्हा?

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली: शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन.

फुगलेली शीर फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते आणि घरातले सगळे घाबरतात. माणसाला आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने त्या जागेवर दाबून ठेवा आणि मधे मधे उघडून बघू नका. मांडीला दोरी आवळून बांधू नका. बसून किंवा उभं राहून पाय नळाखाली धरणं सर्वांत धोक्याचं. रक्त थांबलं तरी हॉस्पिटलात जायचंच.

फरक कधी, आणि किती दिवस

सूज काही दिवसांत उतरते, पायाचा जडपणाही. खाज आणि खपल्यांना काही आठवडे लागतात. कडक झालेली कातडी मऊ व्हायला महिने जातात. तपकिरी रंग मात्र सगळा जात नाही. साठलेलं लोह शरीर हळूहळू उचलतं, काही भाग कायमचा राहतो. डाग गेला का यावरून मोज्याची परीक्षा घेऊ नका, नवी जागा काळी पडत नाहीये ना ते बघा.

मोजा झडप दुरुस्त करत नाही. त्यामुळे शिरेवरच्या प्रक्रियेबद्दल, म्हणजे लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फोम किंवा ऑपरेशनबद्दल, सर्जनशी एकदा बोलून घ्या. २०१८ च्या एव्हरा नावाच्या ब्रिटिश चाचणीत जखम असलेल्या ४५० जणांपैकी ज्यांच्या शिरांवर लवकर प्रक्रिया झाली, त्यांच्या जखमा भरायला ५६ दिवस हा मध्यक होता, म्हणजे निम्म्या जणांच्या जखमा तेवढ्या दिवसांत भरल्या. थांबलेल्यांच्या बाबतीत ८२. दाबाचा उपचार दोन्ही गटांना होता. त्याआधी २००४ च्या एका चाचणीत नुसत्या दाबाच्या उपचाराने वर्षभरात २८ टक्क्यांची जखम परतली, ऑपरेशनची जोड दिलेल्यांत १२ टक्क्यांची. त्वचा इतकी बदललेली असताना 'मोजे आहेत ना' म्हणून सर्जनची भेट पुढे ढकलत राहणं मला पटत नाही. प्रक्रियेनंतर मोजे किती काळ घालायचे ते सर्जन सांगतील. प्रक्रिया न करणाऱ्यांनी मात्र ते कायमचेच धरून चालायचं.

म्हणून दोन जोड एकदम घ्या. एक पायात, एक दोरीवर. रोज रात्री सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, त्याने ताणलेली वीणही पूर्ववत होते. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत, पावसाळ्यात पंख्याखाली, वाळवा. ब्लीच, कंफर्टसारखं सॉफ्टनर आणि इस्त्री वर्ज्य. कितीही जपलं तरी रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत मोज्याचा ताण जातो. मोजा एकदम सहज पायात जायला लागला तर तो संपला असं समजा, आणि नवा आणताना पुन्हा सकाळी टेप घेऊन तिन्ही मापं घ्या. सूज उतरलेल्या पायाला बहुतेकदा आता लहान साइझ लागतो.